वसाहतीत कार्ट चार्ज कुठे करायची? आमचा आठ महिन्यांचा अनुभव

त्या संध्याकाळी आम्ही दोघं वाचनालयातून घरी येत होतो, साधारण पावणेसात वाजले असतील, आणि तळ्याकडून वर येताना जो छोटा चढ लागतो ना तिथे आमची कार्ट, म्हणजे बॅटरीवर चालणारी गोल्फ कार्टसारखी छोटी गाडी, हळू व्हायला लागली. आधी वाटलं माझाच पाय पेडलवर नीट नाहीये म्हणून अजून दाबलं, तर वेग अजूनच कमी झाला, मग मीटरवरचा शेवटचा दांडा लुकलुकायला लागला आणि चढाच्या मध्यावर कार्ट थांबली ती थांबलीच. घर जेमतेम ६०० मीटरवर. पण आमच्या ह्यांना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी घेऊन १०० मीटरसुद्धा जड जातं, त्यात अंधार, आणि काचबिंदूमुळे ह्यांना अंधारात कडा दिसत नाहीत. ब्रेक लावून ह्यांना तसंच बसवून ठेवलं आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून कोणी येतंय का बघत होते. पंधरा-वीस मिनिटांनी पलीकडच्या गल्लीतले एक भाऊ त्यांच्या कार्टमधून आले, त्यांनी ह्यांना आधी घरी सोडलं आणि मग परत येऊन दोरीने आमची कार्ट ओढून नेली. हे काही बोलले नाहीत पण दुसऱ्या दिवशी वाचनालयात जायचं नाव काढलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

ज्यांच्याकडे कार हाच पर्याय आहे त्यांना कदाचित याचं एवढं वाटणार नाही. पण आमच्या वसाहतीत सगळे निवृत्त, बऱ्याच जणांची कार डॉक्टरांनी बंद केलेली, कोणाची नजर तर कोणाचे रिफ्लेक्सेस. कार्ट ताशी ३० च्या आसपासच जाते, वेगळ्या रस्त्याने जाते, म्हणून ती चालवता येते. ती बंद पडली म्हणजे घरात बसणं. म्हणून मी तेव्हाच ठरवलं की घराबाहेर कार्ट चार्ज कुठे करता येते याचा नीट छडा लावायचा, आणि सोय नसेल तर ती करून घ्यायची. पुढचे आठ महिने त्यातच गेले. कोणाला उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, जरा लांबलंय.

सगळ्यात आधी आपल्या कार्टला झालंय काय ते बघितलं. आमची कार्ट ४८ व्होल्टची, सीटखाली ८ व्होल्टच्या ६ बॅटऱ्या, साध्या लेड-अ‍ॅसिड, पाणी घालायच्या. नवीन असताना १७० अँपिअर-अवरच्या, म्हणजे ४८ गुणिले १७०, ८,१६० वॉट-अवर, हजाराचं एक युनिट धरलं तर साधारण ८ युनिट वीज मावते असं कागदावर. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त उतरवू नये, तिचं आयुष्य भराभर कमी होतं, म्हणजे वापरायला ४ युनिटच धरायची. आमची कार्ट किलोमीटरला साधारण ०.१ युनिट खाते, चढ असला तर जास्त, त्यामुळे नवी असताना ३५-४० किलोमीटर आरामात जायची. आता बॅटऱ्यांना पाच वर्षं झालीत. त्या दिवशी आम्ही क्लिनिक, मग बँक, मग वाचनालय असं करून १३ किलोमीटरच फिरलो होतो.

रात्रभर चार्ज करून, चार्जर काढून, तीन-चार तास तशीच ठेवून मग व्होल्ट मोजायला मल्टिमीटर लावला. हे लगेच लावायचं नसतं, चार्जर काढल्या काढल्या आकडा फुगलेला दिसतो. पूर्ण भरलेल्या ४८ व्होल्टच्या संचाला ५०.९ च्या आसपास दिसायला हवं, अर्ध्यावर आली की ४८.४ च्या आसपास. आमचा आकडा ५०.१. मग एकेक बॅटरी मोजली, पाच ठीक होत्या, आणि ड्रायव्हरच्या बाजूची मागची एक बाकीच्यांपेक्षा कमी. बॅटरीवाला आला, त्याने लोड लावून दाखवलं, बाकीच्या पाच टिकून राहिल्या आणि ही एक काट्यासकट खाली बसली. मी म्हटलं मग हीच बदला ना, तर तो म्हणाला काकू जुन्या पाचात एक नवी घातली तर ती नवी पण लवकर जुन्यांसारखी होईल, बदलायच्या तर सहाही, नाहीतर लिथियम. तो खर्च लगेच करायची आमची तयारी नव्हती. पण बोलता बोलता तो एक गोष्ट सांगून गेला आणि तीच माझ्या डोक्यात बसली, की रोज मध्येच थोडी थोडी चार्ज करत गेलात तर बॅटरी खोल उतरणार नाही आणि याच संचावर अजून वर्षभर निघेल. बऱ्याच जणांना वाटतं की अर्धवट चार्ज केलं की बॅटरीला ‘सवय’ लागते. लेड-अ‍ॅसिडला तसं काही नसतं. मध्ये लावली तरी चालते, फक्त रात्री एकदा पूर्ण भरू द्या, अर्धवट अवस्थेत दिवसेंदिवस ठेवली तर मात्र आत सल्फेट साचतं आणि मग ती भरतच नाही.

म्हणजे बाहेर चार्जिंग मिळालं तर नुसतं अडकण्याची भीती जात नाही, बॅटऱ्या पण वाचतात. मग शोध सुरू केला.

एक वही घेतली आणि आठवडाभर सकाळी चालायला जाताना जिथे जिथे भिंतीवर सॉकेट दिसेल ते लिहीत गेले. क्लबहाऊसच्या मागे दोन, वाचनालयाच्या व्हरांड्यात एक, स्विमिंग पूलच्या पंपघराबाहेर एक, हॉलच्या बाहेर ओळीने तीन, बागेतल्या खांबांना चार. एकूण ११. मग एक छोटा टेस्टर घेऊन परत फेरी मारली (ऑफिसात विचारून, चोरून नाही). बागेतली चारही फक्त संध्याकाळी दिव्यांच्या टायमरवर चालू व्हायची. क्लबहाऊसच्या मागचं एक पूर्ण बंद. वाचनालयाचं चालू होतं पण त्याची पकड इतकी सैल की प्लग लावला तर आपल्याच वजनाने खाली झुकायचा, आणि प्लेटच्या खालच्या कडेला तपकिरी डाग पडलेला, म्हणजे तिथे आधी कधीतरी गरम झालेलं होतं. असं सॉकेट दिसलं तर त्यात काही म्हणजे काही लावू नका. फोन चार्ज करणं वेगळं, कार्टचा चार्जर तास-तासभर ९-१० अँपिअर ओढत राहतो, सैल पकडीत तेवढ्याने प्लग वितळतो.

आणि दुसरी अडचण तर मला तोपर्यंत सुचलीच नव्हती. आमचा चार्जर गॅरेजच्या भिंतीवर टांगलेला! तो घरच्या सॉकेटात लावायचा आणि त्याची जाड वायर कार्टच्या तोंडात खुपसायची अशी पद्धत. म्हणजे बाहेर सॉकेट मिळालं तरी चार्जर सोबत न्यायला हवा, आणि तो जुना ट्रान्सफॉर्मरवाला, उचलताना माझी पाठ धरते. काही नव्या कार्टमध्ये चार्जर सीटखालीच बसवलेला असतो आणि बाहेर नुसती साधी थ्री-पिन वायर येते, त्यांना हा त्रास नाही. तुमच्याकडे कुठला प्रकार आहे ते सगळ्यात आधी बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आम्ही मग बॅटऱ्या बदलायच्या ऐवजी आधी चार्जर बदलला. सीटखाली बसणारा, लहान, फारसा आवाज न करणारा, ४८ व्होल्ट १५ अँपिअरचा. घेताना इलेक्ट्रिशियन मुलाने एकच गोष्ट तीनदा बजावली, काकू मागचं लेबल वाचा, इनपुट १०० ते २४० लिहिलंय का बघा. आमच्याकडे घरातलं सॉकेट १२० व्होल्टचं आहे आणि बरेच जुने चार्जर फक्त तेवढ्यावरच चालतात. पार्किंगमधल्या कारच्या चार्जिंग खांबातून २०८ ते २४० येतं, १२० वाला त्यावर लावला की संपला. (जिथे घरातच २३० येतं तिथे हा प्रश्नच येत नाही.) अजून एक सेटिंग असतं, लेड-अ‍ॅसिड की लिथियम, ते पण बॅटरीप्रमाणे बरोबर लावून घ्यायचं, दोन्हींची भरायची पद्धत वेगळी असते.

आता कारच्या चार्जरबद्दल, कारण सगळ्यांना आधी तेच सुचतं. क्लबहाऊसच्या पार्किंगमध्ये दोन खांब आहेत ना, मग तिथे का नाही लावत? मला पण तसंच वाटलं होतं. हँडल हातात घेतलं तर त्याचं तोंड गोल, पाच भोकांचं, टाइप १, ज्याला जे१७७२ म्हणतात, आणि कार्टला तसलं तोंडच नाही. आणि तोंड जुळवलं तरी त्या हँडलमध्ये वीज आपोआप येत नाही, आधी गाडी आणि खांब यांच्यात एका बारीक तारेवरून सिग्नल जातो, गाडीने ‘मी जोडलेली आहे, तयार आहे’ असं सांगितलं की मगच खांब आतला स्विच चालू करतो. मला हे फार आवडलं खरं तर, कारण पावसात कोणी लहान मुलाने हँडलला हात लावला तरी काही होणार नाही. कार्टला हे बोलणं येत नाही. त्यासाठी एक अडॅप्टर मिळतो, एका बाजूला कारसारखं तोंड आणि दुसऱ्या बाजूला साधं सॉकेट, आणि आतमध्ये एक डायोड आणि रेझिस्टर, ते खांबाला गाडी जोडल्याचा सिग्नल देतात. आम्ही घेतला, पण आधी इलेक्ट्रिशियनला दाखवून, सुरक्षा चाचणीचा शिक्का बघून, आणि ऑफिसची लेखी परवानगी घेऊन. महामार्गावर असतात तसले डीसी फास्ट चार्जर मात्र पूर्ण विसरा, ते शेकडो व्होल्ट थेट बॅटरीत देतात, ४८ व्होल्टच्या कार्टचा त्यांच्याशी काही संबंध नाही, असा अडॅप्टर कोणी विकत असेल तर घेऊ नका.

पहिल्यांदा खांबाला लावलं तेव्हा हे बाजूलाच खुर्ची टाकून बसले होते. क्लिक झालं, खांबावरचा दिवा हिरव्याचा निळा झाला, आणि सीटखाली चार्जरचा पंखा बारीक आवाजात सुरू झाला. हे म्हणाले, “अगं, लागली!” इतक्या दिवसांनी ह्यांचा तसा आवाज ऐकला.

पण तो आनंद तीन आठवडे टिकला. एका दुपारी आम्ही स्विमिंग पूलवरून परत आलो तर एक गृहस्थ त्यांच्या इलेक्ट्रिक कारजवळ उभे, चाळिशीचे असतील, वडिलांना भेटायला आलेले. म्हणाले, “काकू, रागावू नका, पण हा खांब ६-७ किलोवॅट देऊ शकतो आणि तुमची कार्ट एकच घेतेय. मला रात्री दोनशे किलोमीटर जायचंय आणि मी दीड तास थांबलोय.” मी काय बोलणार, त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. आमची कार्ट तिथे दोन तास लावली तरी फार तर २ युनिट घेते, त्याच दोन तासात त्यांची कार १२-१४ घेईल. शिवाय तिथला दर तासावर होता, युनिटवर नव्हता, म्हणजे आम्ही कारइतकेच पैसे देऊन तिच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी वीज घेत होतो. मी त्यांना सॉरी म्हटलं, लगेच कार्ट काढली, आणि त्या दिवसापासून अडॅप्टर फक्त अडीअडचणीला म्हणून सीटखाली ठेवलाय. माझं स्पष्ट मत आहे, कारचा खांब ही कार्टची जागा नाही. चालतं, पण नाही लावायचं, अगदीच अडकलात तर गोष्ट वेगळी.

मग राहिली साधी सॉकेट. हॉलच्या बाहेरची ती तीन चांगली होती, पकड घट्ट, वर झाकण. आम्ही तिथे लावायला लागलो, आमचं बघून अजून दोघं लावायला लागले. आणि एका शनिवारी हॉलमध्ये कार्यक्रम चालू असताना तिन्ही सॉकेटांना तीन कार्ट होत्या आणि फटकन सगळं गेलं, बाहेरची सॉकेट तर गेलीच, पण व्हरांड्यातले दिवे पण, आणि स्टेजच्या बाजूचा पंखा पण. अंधारात पायरीवर एक ताई अडखळल्या, त्यांच्या नातीने वेळेवर धरलं म्हणून निभावलं. तिन्ही सॉकेटांची ओळ, दिवे, पंखा, सगळं एकाच १५ अँपिअरच्या ब्रेकरवर होतं हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. एक कार्ट ९-१० अँपिअर. दोन लावल्या तरी तो उडायलाच हवा होता, आधी वाचलो ते केवळ कोणाची तरी बॅटरी भरत आलेली असायची म्हणून, शेवटी शेवटी चार्जर कमी ओढतो ना.

सोमवारी कमिटीची नोटीस लागली, सार्वजनिक सॉकेटांवर कार्ट चार्ज करण्यास सक्त मनाई. मला राग आला पण नोटीस चुकीची होती असं नाही म्हणणार, कोणी पडलं असतं तर? राग याचा आला की त्यात पुढे काय करायचं त्याबद्दल एक ओळही नव्हती. वसाहतीत दीडशेच्या वर कार्ट आहेत. बऱ्याच जणांच्या बॅटऱ्या आमच्यासारख्याच म्हाताऱ्या. मी सेक्रेटरींना भेटायला गेले, ते म्हणाले, “वहिनी, मला विरोध नाहीये, पण मीटिंगमध्ये चार प्रश्न येतील आणि माझ्याकडे उत्तरं नाहीत.” म्हटलं, प्रश्न द्या, उत्तरं मी आणते.

पहिला प्रश्न विजेचा, बाकीच्यांनी तुमच्या कार्टची वीज का भरायची. मी सॉकेटात लावायचा छोटा युनिट-मीटर आणला आणि दोन आठवडे घरी रोज लिहून ठेवलं. तासाला साधारण १ युनिट. रोजच्या १० किलोमीटरला भिंतीतून सव्वा ते दीड युनिट, कारण लेड-अ‍ॅसिड भरताना थोडी वीज उष्णतेत जातेच. क्लबहाऊसमधला १५०० वॉटचा एक हीटर दिवसभर चालू राहतो, त्याच्यापुढे हे काहीच नाही. पण ‘काहीच नाही’ म्हणून लोकांचं समाधान होत नाही, म्हणून मी वेगळा सब-मीटर बसवा आणि ते पैसे फक्त कार्टवाल्यांच्या वार्षिक देखभालीत घाला असं सुचवलं. हा मुद्दा तिथेच मिटला.

दुसरा आगीचा. इथे मी खरंच वेळ घातला, कारण ही भीती खोटी नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरत आली की पाण्यातून हायड्रोजन सुटतो, हवेत तो ४ टक्क्यांवर गेला तर ठिणगीने पेटू शकतो. उघड्यावर तो लगेच वर निघून जातो, प्रश्न बंद जागेचा. म्हणून तळघरातल्या पार्किंगमध्ये सॉकेट नकोच असं मीच लिहून दिलं. बाकी धोका वायरचा. एक्स्टेंशन बोर्डला बंदी, अगदीच एक्स्टेंशन वायर लागली तर ती जाड, १२ गेजची, अर्थिंगवाली, आणि पूर्ण सोडलेली हवी, कारण गुंडाळून ठेवलेली वायर तापते. आणि सॉकेट जीएफसीआयचं, जमिनीत गळती झाली की लगेच बंद होणारं, वर पाऊस अडवणारं मोठं झाकण, प्लग लावलेला असतानाही बंद होणारं.

तिसरा प्रश्न एका माजी इंजिनिअर काकांचा, एवढी सॉकेट कशाला, दोन चांगले कार्ट-चार्जरच घेऊन लावून टाकू की. दिसायला सोपं. पण आम्ही एका सकाळी पार्किंगमध्ये उभ्या २२ कार्ट बघितल्या, काही ३६ व्होल्टच्या, बऱ्याच ४८, दोन ७२, आणि तोंडं तर किती प्रकारची, गोल तीन पिनांची, त्रिकोणी, कावळ्याच्या पायासारखी सपाट पात्यांची. एक चार्जर सगळ्यांना चालणारच नाही. आणि ३६ ला ४८ चा लागला तर बॅटरी उकळेल. चार्जर ज्याचा त्याने कार्टमध्ये ठेवायचा आणि वसाहतीने फक्त चांगलं सॉकेट द्यायचं, एवढंच सगळ्यांना चालतं. काकांनी स्वतः वहीत आकडे लिहून घेतले आणि मीटिंगमध्ये माझ्या बाजूने तेच बोलले.

चौथा प्रश्न जागेचा, कुठे लावायची, आणि मला विचाराल तर खरा प्रश्न हाच. सुरुवातीच्या यादीत दुकानांसमोर चार, बँकेसमोर दोन असं होतं, कारण तिथे गर्दी. मी म्हटलं दुकानात माणूस पंधरा मिनिटं थांबतो. पंधरा मिनिटांत पाव युनिट, म्हणजे दीड-दोन किलोमीटर, त्यासाठी वायर काढायची, लावायची, परत गुंडाळायची, कोण करेल? कार्ट हळूच भरते, ते काही आपल्या हातात नाही. मग माणूस जिथे दीड-दोन तास बसतो तिथेच सॉकेट हवं. वाचनालय. हॉल. पूल. दोन तासांत १२-१३ किलोमीटरची सोय होते, तेवढ्यात वसाहतीच्या कुठल्याही टोकाला घरी पोचता येतं. मी सात दिवस वाचनालयाबाहेर बसून कोण किती वेळ थांबतं ते लिहिलं होतं, तो कागद दाखवला आणि दुकानांसमोरची सॉकेट यादीतून गेली.

काम मंजूर झालं सहा सॉकेटांचं, तीन जागी दोन-दोन. प्रत्येकाला स्वतःचा वेगळा २० अँपिअरचा ब्रेकर. सतत चालणारा लोड ब्रेकरच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवायचा असतो, म्हणजे २० वर १६, आपली कार्ट १०, म्हणजे भरपूर सवड. एक उडाला तर बाकी काही बंद पडत नाही, दिवे तर नाहीच. इलेक्ट्रिशियन मुलाने भिंतीवर खडूने खुणा केल्या तेव्हा त्या नेहमीच्या उंचीवर होत्या, गुडघ्याच्या खाली. मी ह्यांना म्हटलं, अहो, जरा वाकून दाखवा. हे काठी टेकत वाकायला गेले, एक हात भिंतीला, प्लग दुसऱ्या हातात, आणि अर्ध्यावरच थांबले. तो मुलगा दोन मिनिटं नुसता बघत होता, मग त्याने सगळ्या खुणा पुसल्या आणि कमरेच्या उंचीवर परत काढल्या. कोणाला वाटेल ही छोटी गोष्ट, पण ज्येष्ठांच्या वसाहतीत ही पहिली गोष्ट असायला हवी. वायर जमिनीवरून चालायच्या वाटेत येऊ नये म्हणून कार्टचं तोंड भिंतीकडे करून लावायची असे पट्टे पण मारून घेतले.

आता रोजच्या वापरातलं थोडं. लावल्यावर पाच मिनिटांनी प्लगला हात लावून बघायची सवय मी ठेवलीय, कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर काढायचा आणि ऑफिसला सांगायचं. बऱ्याच कार्ट वायर लावलेली असताना हलत नाहीत, त्यामुळे घाईत निघताना कार्ट बिघडली असं वाटून घाबरू नका, आधी मागे बघा. बॅटरीत पाणी चार्ज झाल्यावर घालायचं, आधी नाही, भरताना पातळी वर येते आणि उतू जातं, फक्त आतल्या पट्ट्या उघड्या दिसत असतील तर तेवढ्या बुडतील इतपत आधी घाला. डिस्टिल्डच. आणि लिथियमवाल्यांनी इतकं सांभाळायची गरज नाही, ती अर्धवट भरलेली राहिली तरी चालते, वजनाने पण कितीतरी हलकी, फक्त शून्याच्या खाली थंडी असेल तर चार्जला लावायची नाही. आम्ही पुढच्या वर्षी बहुतेक तीच घेऊ, पण सध्या त्या पाच वर्षांच्या संचावरच चाललंय आणि तो टिकलाय, रोज मध्ये दीड तास मिळत असल्यामुळे संध्याकाळी आकडा ४९ च्या खाली जात नाही.

पहिल्या महिन्यात सब-मीटरवर २१४ युनिट आली, सहा सॉकेट मिळून. मी तो आकडा नोटीस बोर्डावर लावला. एकदाही ब्रेकर उडाला नाही. एकदा फक्त एक सॉकेट बंद पडलं, तेव्हा कोणाची तरी वायर पावसात भिजली होती आणि जीएफसीआयने आपलं काम केलं. जागेवरून थोडी कुरकुर होते, कोणी पूर्ण भरल्यावरही काढत नाही, म्हणून आता सॉकेटशेजारी पाटी आहे, आपलं घर नंबर आणि किती वाजेपर्यंत ते खडूने लिहायचं. बहुतेक जण लिहितात.

शेवटच्या गल्लीत एक ८४ वर्षांच्या आजी एकट्या राहतात. त्यांचं घर पूलपासून सगळ्यात लांब, जाऊन-येऊन होईल याची खात्री नव्हती म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी पोहणं सोडलं होतं, डॉक्टरांनी सांधेदुखीसाठी मुद्दाम सांगितलं असूनही. आता त्या मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मी पूलवर पोचते तेव्हा तीन नंबरच्या सॉकेटाचं झाकण लावलेलं असतं, खालून त्यांची पिवळी वायर आलेली, आणि पाटीवर थरथरत्या अक्षरात ‘१२ वाजेपर्यंत’.

क्लिनिकच्या मागे मात्र अजून एकही सॉकेट नाही, आणि फिजिओथेरपीला माणूस कमीत कमी सव्वा तास बसतो. तिथे दोन हवीत. पत्र मी परवा दिलंय, सोबत ब्रेकरच्या लोडचा कागद जोडलाय, ह्यांनी स्वतः टाइप केला.